खोलीतलं दुसरं मोठं माणूस

युक्रेनला जायचं ठरल्यावर सोलापुरात मला सगळ्यात जास्त वेळा ऐकवलं गेलेलं नाव डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं. "कोटणीसांच्या गावची आहेस, शोभतंय!" म्हणणारे निम्मे, आणि "कोटणीस परत आले नव्हते, ठाऊक आहे ना?" म्हणणारे निम्मे. दोघांनाही मी एकच सांगत होते, की बाबांनो, ते सर्जन होते. 1938 मध्ये जपानशी युद्ध चालू असताना जे पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले त्यांतले ते एक. बाकीचे चौघं परतले, हे राहिले आणि 1942 च्या डिसेंबरात तिथेच वारले, वय अवघं 32. मी कार्यानुभवाची बाई. कागद कापणं, सुई ओवणं, पुठ्ठ्यावर विणणं, एवढंच मला येतं. एका बातमीदाराने फोटोसकट मजकूर मागितला तेव्हा मी सरळ हात जोडले.

युद्ध चाललेल्या देशात "मुलांसाठी काहीतरी करायला" जाणाऱ्या लोकांबद्दल माझं मत आधीही फार बरं नव्हतं, आणि जाऊन आल्यावर ते आणखीच कडक झालंय. तरी मी गेले, आणि पुन्हा बोलावलं तर पुन्हा जाईन. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते सांगायचा हा प्रयत्न.

सुरुवात झाली एका माजी विद्यार्थिनीमुळे. ती युक्रेनमध्ये मेडिकलला होती. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने हल्ला केला, मग वसतिगृहाच्या तळघरात बिस्किटांवर दिवस काढून, रोमानियाच्या सीमेपर्यंत शेवटचा टप्पा चालत जाऊन ती 'ऑपरेशन गंगा'च्या विमानाने परत आली. तिची तिकडची एक मैत्रीण पुढे ल्विव्ह शहरात विस्थापित मुलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत लागली. खार्किव, दोनेत्स्क, झापोरिझ्झिया या पूर्वेकडच्या भागांतून आलेल्या कुटुंबांची मुलं तिथे दिवसाचा काही वेळ काढतात. अशी मुलं किती? युनिसेफच्या आकड्यांप्रमाणे युद्धाच्या पहिल्या महिन्यातच देशातल्या 75 लाख मुलांपैकी 43 लाखांना घर सोडावं लागलं होतं. संस्थेला हस्तकलेचं माणूस हवं होतं, आणि अट अशी, की जे शिकवाल ते विजेशिवाय, आवाज न करता आणि मध्येच सोडून उठता येईल असं हवं. कारण कधी तळघरात जावं लागेल याचा नेम नाही.

ही अट वाचली आणि म्हटलं, हे आपलं काम आहे. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले पद्मशाली, म्हणजे विणकर. नाना टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, अम्मा घरी कांड्या भरायची. ताणा आणि बाणा, म्हणजे उभा आणि आडवा धागा, मला बाराखडीच्या आधी कळला. पुठ्ठ्याला खाचा पाडून त्यावर उभे दोरे ताणले की झाला हातमाग. दप्तरात मावतो, आवाज करत नाही, अर्ध्यावर सोडला तर अर्ध्यावरच राहतो.

अर्ज केला, आणि पहिली मुलाखत झाली ती मला गाळायलाच घेतल्यागत. त्यात एक प्रश्न होता: अनाथालयात काम करायला आवडेल का? मी नाही म्हटलं, कारण मी हस्तकलेच्या जागेसाठी अर्ज केला होता. नंतर कळलं की "हो, फार आवडेल" म्हणणाऱ्याचा अर्ज तिथेच बाजूला पडतो. युद्धाआधी युक्रेनमध्ये 90 हजारांहून जास्त मुलं निवासी संस्थांमध्ये राहत होती, आणि त्यांतल्या बहुतेकांचे आई-वडील किंवा दोघांपैकी एक तरी हयात होते. गरिबी, मुलाचं अपंगत्व, घरातली दारू अशा कारणांनी ती तिथे आलेली. अशा मुलांकडे दर महिन्याला नवी मावशी येणार, मांडीवर घेणार, लळा लावणार आणि विमानात बसून निघून जाणार. मुलाच्या हिशेबात मात्र सोडून गेलेल्या माणसांत आणखी एकाची भर. मुलाखत घेणाऱ्या बाईने हे इतक्या कोरडेपणाने सांगितलं की मला तिच्याबद्दल एकदम विश्वास वाटला.

मग कागद. पोलिसांचा ना-हरकत दाखला लागतो, तो पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करून मिळतो आणि चौकशी आपल्या हद्दीतल्या ठाण्यातून होते. तिथल्या हवालदारांनी विचारलं, "नोकरी लागली का दुबईला?" म्हटलं, लहान मुलांबरोबर काम करायचंय. "मग त्याला पोलीस कशाला?" त्यांचा प्रश्न अगदी प्रामाणिक होता. इतकी वर्षं मी मुलांत वावरले, उन्हाळी शिबिरं घेतली, सहली नेल्या. या बाईची काही जुनी भानगड आहे का, असं माझ्याबद्दल कधी कुणी कुणाला विचारलं नव्हतं. त्याशिवाय दोन माणसांची शिफारसपत्रं, आणि त्या दोघांनाही संस्थेच्या पोलंडमधल्या कार्यालयातून खरोखर फोन गेले. माझ्या जुन्या मुख्याध्यापिकेला तर वाटलं, माझं लग्नबिग्न जुळतंय.

त्यानंतर ऑनलाइन प्रशिक्षण. मानसिक प्रथमोपचार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची जी पद्धत आहे तिच्या तीन पायऱ्या: पाहा, ऐका, जोडून द्या. म्हणजे मूल काय करतंय ते बघायचं, बोललं तर ऐकायचं, आणि पुढे योग्य माणसापर्यंत पोचवायचं. उपचार करायला जायचं नाही. "तुला काय झालं ते सांग" म्हणायचं नाही. वडिलांबद्दल आपणहून विचारायचं नाही, कारण वडील आघाडीवर असतील, बेपत्ता असतील, किंवा गेलेले असतील आणि मुलाला अजून सांगितलेलं नसेल. मुलाने जवळ घेतलं तर ठीक, आपण होऊन मिठी मारायची नाही. एकाच मुलाला खाऊ, भेटवस्तू द्यायची नाही. स्वतःचा फोन नंबर द्यायचा नाही. "मी परत येईन" म्हणायचं नाही. "सगळं ठीक होईल" हेही म्हणायचं नाही, कारण ते आपल्या हातात नाही.

आणि फोटो नाही. एकही नाही. पाठमोरा, हाताचा, चित्राचा, कसलाच नाही. मला आधी हे जरा अति वाटलं. पण व्याप्त भागांतून मुलांना बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपावरून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने 17 मार्च 2023 ला खुद्द पुतिन आणि त्यांच्या बालहक्क आयुक्त लवोवा-बेलोवा यांच्यावर अटक वॉरंट काढलंय. ज्या देशात मुलं अशी उचलली गेली, तिथे कोणतं मूल कुठे राहतं, कुणाबरोबर राहतं ही माहिती फुकट वाटायची वस्तू नाही. म्हणून या लेखातही कुणाचं नाव नाही, वसतीचा पत्ता नाही. तसं लिहून दिलंय.

व्हिसाचं पुराण फार लांबवत नाही. युक्रेनचं आकाश नागरी विमानांना 2022 पासून बंद आहे, त्यामुळे शेजारच्या देशातून जमिनीवरूनच आत जावं लागतं; मी पोलंडमधून रेल्वेने गेले. पोलंडचा शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशाचा लागतो, नाहीतर आत जाल पण परत येताना सीमेवर अडकाल. युक्रेनचा व्हिसा तेव्हा दिल्लीहून, संस्थेच्या निमंत्रणपत्रावर. खरी मेख विम्यात. नेहमीच्या प्रवासविम्यात "युद्ध आणि युद्धजन्य परिस्थिती" वगळलेली असते, त्यासाठी वेगळा आणि महागडा विमा घ्यावा लागतो. आणि भारतीय दूतावासाने ऑक्टोबर 2022 मध्येच युक्रेनला जाऊ नका असा सल्ला दिलेला होता. जाणाऱ्याने हे डोळे उघडे ठेवून वाचावं. अडकलात तर सरकार विमान पाठवेल या भरवशावर कुणी निघू नये.

घरी अम्मा बोलायची बंद झाली. शेजारच्या अक्का मात्र भरपूर बोलल्या. "कशाला जालालीस गं तिकडं? बाँब पडतेत आन् तू पोरांला इणायला शिकवणार व्हय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाना तेवढे शांत होते. त्यांनी एकच विचारलं, तिकडे कायदा कुणाचा चालतो? म्हटलं, मार्शल लॉ आहे. सोलापूरच्या माणसाला हे समजवावं लागत नाही. मे 1930 मध्ये आमच्या शहरात मार्शल लॉ लागला होता, गांधी टोपी घातली म्हणून माणसं धरली जात होती, आणि पुढे 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी दिली. नानांच्या आजोबांनी तो काळ पाहिलेला. "म्हणजे रात्री बाहेर पडायचं नाही," नाना म्हणाले, "आणि ओळखपत्र अंगावर ठेवायचं." ल्विव्हमध्ये पोचल्यावर पहिल्या बैठकीत मला नेमक्या याच दोन सूचना मिळाल्या.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई, आखाती देशात विमान बदलून वॉर्सा. 2024 चा सप्टेंबर. वॉर्साच्या कार्यालयात एका आजीबाईंनी गाव विचारलं. सोलापूर त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं, म्हणून म्हटलं, कोल्हापूरच्या बाजूला. त्यांनी "वळिवडे!" म्हणून माझा हातच धरला. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे 5 हजार पोलिश निर्वासित राहिले होते, बहुतेक बायका आणि मुलं, 1943 ते 1948. आजीबाईंची मावशी त्यांत होती. तिथे शाळा होत्या, आणि शिकवणारे त्यांचेच लोक होते, हे त्यांनी दोनदा सांगितलं. कोल्हापूरकरांनी जागा दिली, आणि वर्ग पोलिश मास्तरांवर सोडले. मला ते पुढे फार वेळा आठवलं.

वॉर्साहून सीमेजवळच्या प्शेमिश्लपर्यंत पोलंडची गाडी, आणि तिथे वेगळ्या फलाटावर पासपोर्ट तपासून युक्रेनची. पोलंडचे रूळ 1435 मिलिमीटर रुंदीचे, युक्रेनचे 1520 चे, म्हणून रुंद रूळ सीमा ओलांडून थेट प्शेमिश्लच्या फलाटापर्यंत आणलेत. रेल्वेच्या गावची असल्याने हे मी निरखून पाहिलं. डब्यात जवळजवळ सगळ्या बायका आणि मुलंच. 18 ते 60 वयाच्या पुरुषांना युद्ध सुरू झाल्यापासून देश सोडायला बंदी होती, त्यामुळे ही कुटुंबं वडिलांना भेटायला आत-बाहेर करत होती.

ल्विव्ह पोलंडच्या सीमेपासून सुमारे 70 किलोमीटर. शहर सुंदर आहे, जुना भाग जागतिक वारसा यादीतला, कॉफीची दुकानं भरलेली. पहिल्या दिवशी वाटलं, युद्ध आहे कुठे? मग चौकातले पुतळे कापडात आणि जाळ्यांत गुंडाळलेले दिसले. सकाळी 9 वाजता मृतांसाठी एक मिनिट रस्ता थांबतो, ट्राम थांबते, माणसं जिथल्या तिथे उभी राहतात. आणि पहिल्याच रात्री भोंगा झाला.

लहानपणी पहाटे ऐकलेला गिरणीचा भोंगा असतो ना, खालून वर चढत जाणारा, अगदी तसाच. नाना ज्या आवाजाला उठून डबा घेऊन निघायचे तो. क्षणभर मला खरंच उठून चूल पेटवावीशी वाटली. मग फोनमधलं ॲप ओरडायला लागलं आणि आम्ही तळघरात गेलो. हवाई इशाऱ्याची व्यवस्था कशी चालते ते दोन-चार दिवसांत कळतं. रशियात कुठे मिग-31के विमानाने उड्डाण केलं की ॲपच्या नकाशावर जवळजवळ सगळा देश लाल होतो, कारण त्यावर किंझाल क्षेपणास्त्र असू शकतं आणि ते मिनिटांत कुठेही पोचतं. शाहेद ड्रोनला सगळे 'मोपेड' म्हणतात, ते हळू येतं, त्याचा मार्ग टेलिग्रामवर तासन्‌तास कळत राहतो. तळघर लांब असेल तर दोन भिंतींचा नियम: बाहेरची एक भिंत स्फोट झेलायला, दुसरी काचा अडवायला, त्यांच्या आत बसायचं. बहुधा बोळात किंवा न्हाणीघरात.

आता खोलीबद्दल, कारण खरं काम तिथे होतं.

कंटेनरच्या घरांच्या वसाहतीजवळ एका इमारतीत तळमजल्याची मोठी खोली आणि खाली हल्ल्याच्या वेळी लपायचा आसरा. युक्रेनमध्ये शाळेच्या आसऱ्यात जेवढी मुलं मावतात तेवढीच एका वेळी शाळेत घेता येतात. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी दोन पाळ्या, काही मुलांचं निम्मं शिक्षण अजून ऑनलाइन. खार्किवमध्ये तर 2023 पासून मेट्रोच्या स्थानकांत वर्ग भरतात. आमच्याकडे सकाळी दुपारपाळीची मुलं यायची आणि दुपारी सकाळपाळीची.

मी काय कल्पना करून गेले होते? गप्प, भेदरलेली मुलं. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी दोन मुलांनी एकमेकांच्या डोक्यात डिंक ओतला. हळूहळू लक्षात आलं की इथली आठ-नऊ वर्षांची कित्येक मुलं इथे येईपर्यंत वर्गात कधी बसलेलीच नव्हती. 2020 मध्ये कोरोना, मग 2022 मध्ये युद्ध. पहिली-दुसरी सगळी फोनच्या पडद्यावर. एक कात्री पाचजणांत वापरायची तर आपला नंबर येईपर्यंत थांबायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. शेजारच्याला कोपर लागलं की भांडण. बाँबची भीती त्यांनी कुठेतरी बसवून ठेवली होती. भोंगा झाला की माझ्या पोटात गोळा, आणि पोरं आसऱ्यात जाऊन उनोचे पत्ते वाटायला लागायची. एकदा वर काहीतरी धडधडलं. मी वर बघितलं. सात वर्षांच्या मुलीने पत्त्यांवरची नजर न काढता मला समजावलं, हे आपलं आहे, हवाई संरक्षणाचं, तुझी पाळी.

या खोलीचा पहिला नियम असा, की मुलांबरोबर एका वेळी दोन मोठी माणसं असलीच पाहिजेत. एकटं कुणीही मुलांबरोबर थांबायचं नाही, मग ती कितीही जुनी बाई असो. दुसरं मोठं माणूस नसेल तर खोली उघडत नाही. मुख्य शिक्षिका क्रामातोर्स्कची, स्वतः विस्थापित. नवरा 2022 पासून सैन्यात. रात्री भोंग्यांमुळे झोप नाही, सकाळी मुलं, संध्याकाळी स्वतःची मुलगी आणि सरकारी कागद. तिची जोडीदारीण आजारी पडली की खोली बंद, आणि मुलं कंटेनरच्या घरात फोन घेऊन बसलेली. मी येण्याआधीच्या महिन्यात असं वरचेवर झालं होतं.

माझं काम काय होतं? मी ते दुसरं मोठं माणूस होते. बस. मला युक्रेनियन जेमतेम येत होती, मानसशास्त्र येत नव्हतं, मुलांच्या मनातलं मला कळणं शक्य नव्हतं. पण मी पोलिसांचा दाखला असलेली, प्रशिक्षण घेतलेली, वेळेवर येणारी बाई होते, आणि मी खोलीत होते म्हणून खोली उघडी राहत होती. दुसऱ्या आठवड्यात स्थानिक जोडीदारीण आणि मी असा एक वार लागला आणि मुख्य शिक्षिकेला एक दुपार मोकळी मिळाली. ती कुठेतरी फिरायला जाईल असं मला वाटलं. ती सामानाच्या खोलीत तीन खुर्च्या जोडून झोपली, अंगावर माझी सोलापुरी चादर. मी ती भेट द्यायला नेली होती; संपूर्ण मुक्कामात तिचा याहून चांगला उपयोग झाला नाही.

विणकाम चाललं, आणि का चाललं ते सांगते. चित्र काढायला दिलं की मूल घाबरतं, काय काढू? आणि मोठी माणसं त्या चित्रात रणगाडे शोधायला लागतात. विणताना काय करायचं ते ठरलेलं असतं. एक वर, एक खाली. परत फिरताना उलट. हात गुंतलेले राहतात, नजर खाली असते, आणि मग आपोआप बोलणं निघतं, आपल्याशी नाही, शेजारच्याशी. दिवे गेले तरी काम चालू राहतं. त्या शरद ऋतूत वीजकेंद्रांवर हल्ले होत होते, वीज कधी वेळापत्रकाने जायची, कधी वेळापत्रक धाब्यावर बसवून. भारनियमनात वाढलेल्या आणि चार-पाच दिवसांनी येणारं पाणी साठवायची सवय असलेल्या मला बाटल्या भरून ठेवायला कुणी शिकवावं लागलं नाही. तिथल्या सहकाऱ्यांच्या नजरेत माझी किंमत वाढली ती यामुळे, विणकामामुळे नव्हे.

एक मुलगा विणायचाच नाही. नऊ-दहा वर्षांचा, खार्किवच्या बाजूचा. घरची भाषा रशियन, शाळेची युक्रेनियन, आणि दोन्हींत गप्प. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात कन्नड ऐकत वाढलेल्या बाईला असं मूल ओळखू येतं, पण मी काही म्हटलं नाही. तो दोऱ्याच्या पिशवीशेजारी बसायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने गुंते सोडवायला घेतले. मग रंगांप्रमाणे लहान पुठ्ठ्यांवर दोरा गुंडाळून ठेवायला लागला. एकदा कुणीतरी निळा ओढून घेतला तर त्याने हात धरला आणि टेबलाच्या कडेवर दोन हातांची लांबी मोजून तेवढाच कापून दिला. त्या दिवसापासून दोरा त्याच्याकडूनच घ्यायचा असं ठरून गेलं. कुणी ठरवलं ते मला माहीत नाही. मुख्य शिक्षिकेने त्याला एक वही दिली. त्यात रंग, किती आला, किती गेला. आमच्याकडे कारखान्यात सुताची नोंद ठेवणारा कारकूनही इतका चिकट नसेल. मी एकदा नमुन्यासाठी जास्तीचा लाल मागितला तर त्याने वही दाखवली: लाल संपत आलाय, नारिंगी घे.

भोंगा झाला की प्रत्येक मुलाची आपली पिशवी असते, पाणी, बिस्किटं, कागदांच्या प्रती. हा आधी दोऱ्याची पिशवी पाठीवर टाकायचा आणि मग स्वतःची उचलायचा. त्यावर मी काही बोलावं का, असं मी मानसोपचारतज्ज्ञ बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पिशवीचा पट्टा ढिला आहे, तो आवळून द्या.

सगळंच काही इतकं सरळ नव्हतं. शहरभर वाचनालयांत, शाळांत बायका जुन्या कपड्यांच्या पट्ट्या जाळ्यांना बांधून सैन्यासाठी शत्रूच्या नजरेपासून लपवणाऱ्या जाळ्या करतात. मोठ्या मुलींना तेच करायचं होतं. आमच्या हातांना गाठी येतात, मग वडिलांसाठी जाळी का नाही? पण संस्थेचा नियम ठाम: मुलांच्या खोलीत लष्करी उपयोगाचं काही बनणार नाही, नाहीतर ती जागा मुलांची राहत नाही. नियम मला पटत होता. त्या मुलींसमोर उभं राहून तो सांगताना मात्र माझा आवाज बारीक झाला. ज्यांच्या घरावर बाँब पडलाय त्यांना तटस्थपणा शिकवायला सोलापुरातून कोण आलंय? शेवटी मुख्य शिक्षिकेनेच सांगितलं, आणि मुली शनिवारी आयांबरोबर वाचनालयात जाऊन जाळ्या बांधायला लागल्या. मी गेले नाही. अक्कांचा प्रश्न तेव्हा जरा जास्तच आठवला.

शेंगाचटणीची गंमत सांगायला हवी. अम्माने बोलणं बंद असतानाही किलोभर चटणी बांधून दिली होती. ती मुलांच्या खोलीत नेताच आली नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला असेल सांगता येत नाही, म्हणून सीलबंद डब्यावर लाल चिकटपट्टी लावून ती कर्मचाऱ्यांच्या कपाटात गेली. तिथे काळ्या पावावर लोणी आणि वर चटणी असा शोध लागला आणि महिन्याच्या आत डबा रिकामा. बदल्यात मला बकव्हीटची खिचडी खावी लागली, जी मला शेवटपर्यंत आवडली नाही.

सुरुंगांचा पाठ आठवड्यातून एकदा व्हायचा, त्यासाठी आपत्कालीन सेवेची माणसं यायची. चेर्निहिवचा पात्रोन नावाचा छोटा जॅक रसेल कुत्रा, सुरुंग हुंगून काढणारा, तिथल्या मुलांचा लाडका. त्याची चित्रं दाखवून एकच घोकून घ्यायचं: जवळ जाऊ नको, हात लावू नको, 101 ला फोन कर. परत गावी जाणाऱ्या मुलांच्या शेतात, अंगणात काय पडलं असेल कुणास ठाऊक. माझ्या विणकामापेक्षा हा पाठ दहापट महत्त्वाचा, हे मला कबूल.

निघायची पद्धतही ठरलेली असते. एके दिवशी अचानक गायब व्हायचं नाही, आणि रडारडीचा निरोपसमारंभही करायचा नाही. आठवडाभर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्या शेवटच्या दिवसाला खूण केली, आणि त्याच्या पुढच्या चौकोनात नव्या बाईंचं चित्र लावलं. त्या पोर्तुगालच्या निवृत्त परिचारिका. 6 डिसेंबरला संत मिकोलाय मुलांच्या उशाखाली भेटी ठेवतो. मी त्यानंतर निघावं असं मुद्दाम योजलं होतं, म्हणजे सणाची आठवण आणि माझं जाणं एकत्र व्हायला नको. शेवटचे दोन दिवस मी नव्या बाईंना माग ताणायला शिकवत होते. खाचा किती अंतरावर, दोरा किती घट्ट, कुठली मुलं शेजारी बसवायची नाहीत, हे सगळं लिहून दिलं.

दोरेवाल्याने त्यांच्याकडे दुरून बराच वेळ बघून घेतलं. मग माझ्याकडे येऊन फोनच्या भाषांतराची वाट न बघता, मला कळेल इतक्या सावकाश युक्रेनियनमध्ये विचारलं, या बाईंना सुई ओवता येते का? म्हटलं, चष्मा लावला की येते. त्याने वही उघडली, नव्या पानावर त्यांचं नाव लिहिलं आणि जेवायला गेला.